पाणी आणि नोंदवही

माणूस एखाद्या गावचा होतो म्हणजे नेमके काय होते? त्या गावचे पाणी त्याच्या अंगी लागते, की त्या गावच्या दप्तरात त्याचे नाव लागते? बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या आम्हां नोकरदारांस हा प्रश्न शिधापत्रिकेपासून मुलांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत कोठे ना कोठे भेटतोच. पण तो आम्हांस फार तर चार हेलपाटे घालावयास लावतो. ज्यांच्या उभ्या आयुष्यावर याच प्रश्नाची छाया पडली, अशा आपल्या काही देशबांधवांचा इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अगदी दक्षिणेस, मेक्सिकोच्या सीमेला लागून इंपीरियल खोरे आहे. ही भूमी बव्हंशी समुद्रसपाटीहूनही खाली. पाऊस वर्षाकाठी सुमारे तीन इंच, आणि उन्हाळ्यात पारा ११० अंशांच्या वर. अशा या वाळवंटात १९०१ मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणण्यात आले. तो कालवा बराचसा मेक्सिकोच्या हद्दीतून वाहत येई. पुढे १९०५ मध्ये नदीने बांध फोडला आणि तिचे सारे पाणी खोऱ्याच्या तळाशी लोटले. १९०७ मध्ये रेल्वे कंपनीने ते खिंडार बुजविले तेव्हा मागे एक विस्तीर्ण खारे सरोवर उरले; तोच आजचा सॉल्टन समुद्र. सीमेच्या अलीकडे कॅलेक्सिको आणि पलीकडे मेक्सिकाली अशी दोन गावे वसली. दोन्ही नावे कॅलिफोर्निया आणि मेक्सिको यांच्याच अक्षरांतून जुळविलेली. सीमा आखणाऱ्यांस जे वेगळे ठेवावयाचे होते, ते नामकरण करणाऱ्यांनी एकत्र केले होते!

पाणी आले, आता ते पिकास देणारे हात हवे होते. १९१० च्या सुमारास पंजाबचे शेतकरी या खोऱ्यात येऊ लागले. त्यांतील बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. परंतु तेथील गोऱ्या लोकांच्या तोंडी सरसकट सारे 'हिंदू'च. नदीचे पाणी पाटाने शेतात खेळविण्याची विद्या त्यांस नवी नव्हती आणि उन्हाचेही त्यांस नवल नव्हते. त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या आणि कापूस, लसूणघास, खरबूज यांची शेती केली. भूमीने त्यांस विनातक्रार स्वीकारले.

दप्तराने मात्र स्वीकारले नाही. नागरिकत्वास अपात्र अशा परकीयास शेतजमीन विकत घेता येणार नाही, असा कायदा राज्याने १९१३ मध्ये केला. १९२० च्या कायद्याने खंडाची वाटही बंद केली. १९१७ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानातून नवा मजूर येणे थांबले. अर्थात घरच्या बायकामुलांस आणणेही अशक्य झाले. राहता राहिला प्रश्न 'अपात्र' कोण, एवढाच. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात दिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सेवा केलेला हा गृहस्थ सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे 'गोरा' ठरत नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, असा तो निर्णय होता. शास्त्राचा आधार नको तेथे शास्त्र आणि लोकसमजुतीचा आधार हवा तेथे लोकसमजूत, असा हा न्याय!

ही एकटी माणसे संसार तरी कोणाशी मांडणार? गोऱ्या स्त्रीने अन्य वर्णाच्या पुरुषाशी विवाह करण्यास राज्यात कायद्याचा अडसर होता. मेक्सिकोतील १९१० च्या क्रांतीनंतर अनेक कुटुंबे सीमा ओलांडून याच कापसाच्या शेतांत मजुरीस आली होती. त्यांतील मुलींशी पंजाब्यांचे विवाह होऊ लागले. कायद्याच्या भाषेत मेक्सिकन 'गोरे' गणले जात. पण परवाना देणारा कारकून समोरच्या दोन चेहऱ्यांकडे पाही आणि वर्णाच्या रकान्यात दोघांपुढेही 'सावळा' अशा अर्थाचा एकच शब्द लिही. त्या एका शब्दाने एक घर उभे राही. सारेच कारकून असे करीत नसत. नकार मिळाल्यास जोडप्यास दुसऱ्या जिल्ह्यात अथवा दुसऱ्या राज्यात जावे लागे. लेखणीचे बळ किती आणि तिची लहर किती, हे कारकुनी करणाऱ्या आम्हांस निराळे सांगावयास नको.

या घरांतील मुले आईची स्पॅनिश बोलत, कॅथॉलिक देवळात जात आणि मारिया सिंग, होजे सिंग अशी नावे मिरवीत. चुलीवर मक्याची तोर्तिया आणि गव्हाची पोळी शेजारी शेजारी भाजली जाई. मुले अमेरिकेत जन्मल्याने जन्मतःच नागरिक. म्हणून कित्येक बापांनी जमीन त्यांच्या नावे केली आणि स्वतः पालक म्हणून कारभार पाहिला. घरचा कर्ता आपल्या तान्ह्या लेकराचा मुनीम झाला!

सीमेच्या दक्षिणेकडील चित्र काहीसे निराळे होते. गदर चळवळीतील आमचे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. मक्यावरील त्यांच्या संशोधनाचा तेथे गौरव झाला.

इंपीरियल खोऱ्यातील दप्तराशी अखेरपर्यंत झुंजला तो अमृतसर जिल्ह्यातील दलीपसिंग सौंद. बर्कले येथे गणितात डॉक्टरेट मिळवून १९२५ मध्ये तो या खोऱ्यात आला आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांवर मुकादम झाला. नंतर वेस्टमोरलँड या चिमुकल्या गावी त्याने शेती केली. हिंदी लोकांस नागरिकत्व मिळावे म्हणून त्याने वर्षानुवर्षे खटपट केली. १९४६ मध्ये तसा कायदा झाला. त्याच कायद्याने हिंदुस्थानातून वर्षास शंभर माणसांच्या प्रवेशाची मुभा दिली. १९४९ मध्ये तो नागरिक झाला. १९५० मध्ये गावाने त्यास न्यायाधीश निवडले. परंतु नागरिकत्वास वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस कमी पडले, म्हणून ते पद त्यास नाकारण्यात आले. १९५२ मध्ये गावाने त्यासच पुन्हा निवडले. आणि १९५६ मध्ये विख्यात वैमानिक जॅकलीन कॉक्रन यांचा पराभव करून तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेला. तेथे निवडून गेलेला तो पहिला आशियाई वंशाचा सभासद होय. १९७३ मध्ये तो वारला.

ती वसाहत आता पूर्वीसारखी उरली नाही. १९४६ नंतर, आणि विशेषतः १९६५ च्या कायद्यानंतर, पंजाबातून नवी कुटुंबे येऊ लागली. जुन्या घरांतील मुले दूरदूर पांगली. कॅरन लेनर्ड या विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात या कुटुंबांचा इतिहास पुन्हा उभा केला. त्यासाठी तिने वृद्ध माणसांच्या आठवणी ऐकल्या, तशीच जिल्हा कचेऱ्यांतील विवाहांची, जन्मांची, खटल्यांची जुनी कागदपत्रेही चाळली. ज्या दप्तराने या माणसांस एके काळी दाराबाहेर उभे केले, त्याच दप्तरात ती टिकून राहिली. कोणा अनाम कारकुनाने घाईघाईने भरलेला तो वर्णाचा रकाना आज त्यांच्या नातवंडांस पूर्वजांचा पत्ता सांगतो. आपल्या मेजावरून रोज जाणाऱ्या अर्जांकडे पाहताना एवढे ध्यानी राहिले तरी पुष्कळ झाले.