बराकपूरचा अर्ज : कंपनीच्या फौजेतील परमुलखाची चाकरी

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतील शिपायांनी परमुलखातील मोहिमांवर जाण्याविषयी जी नाखुशी वेळोवेळी वरिष्ठांपुढे मांडली, तिचे कारण समुद्रोल्लंघनाच्या धर्मनिषेधात शोधण्याचा प्रघात इंग्रज लेखकांनी पाडला आणि आपल्याकडेही तो बराच काळ टिकला. हा निषेध खराच होता, कारण या फौजेत अवध आणि बिहारमधील ब्राह्मण व रजपूत यांचा भरणा मोठा होता आणि गलबतावर सोवळ्याने स्वयंपाकपाणी करणे त्यांना अशक्य होते. परंतु १८११ साली जावा बेटावरील स्वारीसाठी स्वखुशीने नावे देणाऱ्यांच्या पलटणी याच फौजेतून उभ्या राहिल्या व समुद्रमार्गे गेल्या, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे केवळ धर्माचे उत्तर अपुरे पडते.

१८२४ च्या मार्चमध्ये कंपनीने ब्रह्मदेशाशी युद्ध पुकारले आणि कलकत्त्याजवळील बराकपूर छावणीतील काही पलटणींना खुष्कीने चितगावकडे व तेथून आराकानात जाण्याचा हुकूम झाला. बंगाल फौजेच्या शिरस्त्याप्रमाणे शिपायाने आपले अंथरूण व स्वयंपाकाची भांडी वाहून नेण्यासाठी बैलाची सोय स्वतःच्या खर्चाने करावयाची असे, आणि सोवळ्याओवळ्यामुळे प्रत्येकाची भांडी वेगळी असल्याने हे ओझे थोडे नव्हते. त्या वर्षी मात्र रंगूनच्या मोहिमेसाठी सरकारी रसदखात्याने आसपासची जनावरे आधीच उचलली होती, त्यामुळे उरलेल्या बैलांचे भाव शिपायाच्या पगाराला न झेपणारे झाले. त्यातच मे महिन्यात चितगावच्या सरहद्दीवरील रामू येथे कंपनीच्या तुकडीचा मोड झाल्याची बातमी येऊन पोहोचली होती आणि आपल्याला अखेरीस गलबतावरच चढवणार, अशी कुजबुज छावणीत सुरू होती. शिपायांनी वाहतुकीची सोय मागितली आणि दुप्पट भत्ता मागितला. भत्ता म्हणजे पगाराखेरीज मिळणारी, मोहिमेवरील वाढीव खर्च भागवणारी रक्कम.

या मागण्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही, आणि १ नोव्हेंबर रोजी ४७ व्या पलटणीने कूच करण्यास नकार दिला. सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट गोऱ्या पलटणी व तोफा घेऊन बराकपुरास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांनी त्याच्याकडे जो अर्ज पाठवला, त्यात समुद्रमार्गाने नेले जाण्याची भीती बोलून दाखवून, आम्हाला चाकरीतून मोकळे करावे व घरी जाऊ द्यावे, अशी विनंती होती. वरिष्ठाला सांगण्याची याहून सरळ आणि नेमस्त रीत त्या काळच्या शिपायाला उपलब्ध नव्हती, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. पॅजेटच्या लेखी मात्र हाती शस्त्र असलेल्यांचे म्हणणे ऐकून घेणे म्हणजे शिस्तीचा शेवट होता. कूच करा किंवा बंदुका खाली ठेवा, एवढेच त्याने कळवले, आणि शिपाई जागचे हलले नाहीत तेव्हा तोफा सुरू झाल्या. पळणाऱ्यांपैकी काही हुगळी नदीत बुडाले. मैदानात टाकलेल्या त्यांच्या बंदुका नंतर तपासल्या, तेव्हा त्या भरलेल्याच नव्हत्या असे आढळले. लढण्याचा बेत नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा असू शकत नाही. पुढारी म्हणून बिंदा तिवारी याला फाशी देण्यात आले (बराकपुरात त्याच्या स्मरणार्थ आजही देऊळ आहे) आणि ४७ वा क्रमांक फौजेच्या यादीतून खोडला गेला. त्यानंतर बसलेल्या चौकशी मंडळाने, साधनांवाचून कूच करण्याची सक्ती झाल्याने आलेला हताशपणा, हेच या प्रकाराचे मूळ ठरवले. बैलांची तक्रार खरी होती हे सरकारदप्तरी मान्य झाले, पण ते माणसे मेल्यावर.

मुंबई फौजेतील चित्र याहून निराळे होते. कोकणातून व देशावरून आलेले मराठे, महार आणि इतर जातींचे शिपाई तिच्या पलटणींत एकत्र असत आणि त्यांना समुद्राची चाकरी नवी नव्हती. १८०१ साली या फौजेच्या दोन पलटणी इजिप्तपर्यंत जाऊन आल्या होत्या. बंगालमधील शिपाई मात्र साधारणतः समुद्रापार न नेले जाण्याच्या समजुतीवर भरती झालेला असल्यामुळे, त्याच्या दृष्टीने करार मोडणारा पक्ष सरकारच होता.

१८५२ साली ३८ व्या पलटणीने ब्रह्मदेशास जलमार्गाने जाण्याचे नाकारले, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने तोफांचा मार्ग न धरता तिला खुष्कीने ढाक्यास पाठवले. परंतु अशा नकाराला पुढे जागाच राहू नये, म्हणून त्याच्यानंतरचा गव्हर्नर जनरल कॅनिंग याच्या कारकिर्दीत जुलै १८५६ मध्ये कायदा झाला आणि बंगाल फौजेत नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येकाला, सरकार नेईल तेथे, समुद्रापारही, जाण्याची शपथ बंधनकारक ठरली. जुन्या शिपायांना हा कायदा लागू नव्हता. तथापि पलटणीतील चाकरी बापामागून मुलाने करावी असा ज्या घराण्यांचा परिपाठ होता, त्यांच्यापुढे मुलाला भरती करावे की नाही हा प्रश्न त्याच वर्षी उभा राहिला.