देवगिरीची अंधारी आणि गोल्फचं होल : काही होल्स खेळाडूंच्या डोक्यातून का जात नाहीत?

छत्रपती संभाजीनगरातून वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला येतो. शाळेची सहल असो नाहीतर घरी आलेल्या पाहुण्यांना फिरवणं असो, शहरातला माणूस एकदा तरी इथे चढून आलेला असतो. त्याला विचारा, काय लक्षात राहिलं? दहापैकी आठ जण एकच उत्तर देतील. अंधारी.

आता हा किल्ला शत्रूच्या नजरेने बघा. पहिला दरवाजा ओलांडला की दुसरा समोर नसतो, वळावं लागतं. त्यामुळे हत्तीला सरळ धाव घेता येत नाही. पुढे कातळात खोदलेला खंदक आणि तो ओलांडायला एकच वाट. ती पार केली की अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातून जाणारा वळणावळणाचा काळोखा रस्ता. पुढची पायरी कुठे आहे आणि कोपऱ्यामागे कोण उभं आहे, यातलं काहीच कळत नाही. गंमत अशी की किल्ल्याने शत्रूला वाट दिलेली आहे. फक्त त्या वाटेवर प्रत्येक निर्णय चुकण्याची सोय करून ठेवली आहे.

हे सगळं गोल्फच्या लेखात कशाला, असं वाटत असेल तर थोडं थांबा. गोल्फमधल्या सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या होलचं नाव एका लढाऊ तटबंदीवरूनच पडलंय.

होल म्हणजे नुसता खड्डा नव्हे

चेंडू ज्यात पडतो तो खड्डा जेमतेम सव्वाचार इंच रुंदीचा, म्हणजे १०८ मिलिमीटरचा असतो. पण गोल्फर जेव्हा ‘बारावं होल’ म्हणतो, तेव्हा त्याला पहिला फटका मारायच्या जागेपासून त्या खड्ड्यापर्यंतचा अख्खा पट्टा म्हणायचा असतो. सुरुवातीची जागा म्हणजे टी. मधला कापलेला गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, त्याच्या कडेचं वाढलेलं गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर आणि शेवटी झेंडा लावलेली गुळगुळीत जागा म्हणजे ग्रीन. असे १८ पट्टे मिळून एक कोर्स होतो. चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत होल संपवावं याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. तो बहुतेक ठिकाणी तीन, चार किंवा पाच असतो.

क्रिकेटची खेळपट्टी वानखेडेवर असो की गल्लीतल्या स्पर्धेत, नियमाने २२ यार्डच. बॅडमिंटनचं कोर्ट जगभर एकाच मापाचं. गोल्फमध्ये मात्र होल किती लांब असावं, कुठे वळावं, मध्ये नाला असावा की टेकडी, याचा नियमच नाही. जमीन बघायची आणि ठरवायचं. म्हणून ‘तुझं आवडतं होल कुठलं’ हा प्रश्न गोल्फर एकमेकांना विचारू शकतात आणि त्यावर तासभर वाद घालू शकतात.

रेडान : सरळ गेलात की फसलात

१८५५ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी रशियाच्या सेवास्तोपोलला वेढा घातला होता. तिथे ‘रेडान’ नावाची एक मजबूत जागा होती. रेडान म्हणजे शत्रूच्या दिशेने टोक काढलेली, इंग्रजी व्ही अक्षरासारखी तटबंदी. इंग्रजांनी तिच्यावर जूनमध्ये आणि मग सप्टेंबरमध्ये असे दोन मोठे हल्ले केले. दोन्ही फसले. या युद्धावरून परतलेल्या एका अधिकाऱ्याला स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकमधलं एक होल बघून तीच तटबंदी आठवली आणि नाव चिकटलं, अशी गोष्ट सांगतात.

नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवरचं हे पंधरावं होल. अंतर साधारण १९० यार्ड, म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या आसपास. पार तीन, म्हणजे पहिल्याच फटक्यात ग्रीनवर पोहोचायचं. ऐकायला सोपं आहे. पण हे ग्रीन खेळाडूसमोर सरळ ठेवलेलं नाही, तिरकं ठेवलंय. उजवं टोक जवळ, डावं टोक लांब. उतारही उजवीकडून डावीकडे आणि वर खेळाडूपासून लांब पळणारा. पुढच्या डाव्या बाजूला खोल बंकर. टीवरून ग्रीनचा पृष्ठभाग धड दिसत नाही.

समजा झेंडा डावीकडे आहे. मन सांगतं, थेट झेंड्यावर मार. चेंडू थोडा कमी पडला तर बंकरमध्ये. बंकर ओलांडून पडला, तर उतारावरून घरंगळत मागे निघून जातो. मग शहाणा खेळाडू काय करतो? झेंड्याकडे न बघता उजवीकडे, थोडा अलीकडे चेंडू टाकतो आणि पुढचं काम जमिनीवर सोपवतो. चेंडू उतरंडीने वळत वळत झेंड्याकडे जातो.

झेंडा दिसतोय एकीकडे आणि मारायचं दुसरीकडे. या एका कल्पनेवर रेडान उभं आहे. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड नावाच्या अमेरिकनाने ब्रिटनमधली उत्तम होल्स हिंडून अभ्यासली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ हा कोर्स उभारला. त्यात चौथं होल रेडान. तिथून ही कल्पना जगभर पसरली. आज एखाद्या नव्या कोर्सवर तिरकं, मागे उतरणारं ग्रीन दिसलं की जाणकार लगेच म्हणतात, हे रेडान आहे.

डॉक्टर, बोअर आणि लपवाछपवी

या क्षेत्रातलं दुसरं मोठं नाव म्हणजे अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. पेशाने डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ते ब्रिटिश फौजेसोबत होते. संख्येने कमी असलेले बोअर शेतकरी जमिनीचा आडोसा घेऊन, खंदक दिसणार नाहीत असे खोदून, मोठ्या फौजेला कसं जेरीस आणतात, हे त्यांनी जवळून पाहिलं. मराठी वाचकाला यासाठी वेगळा शब्द शोधायला नको, आपल्याकडे गनिमी कावा आहेच. पुढे पहिल्या महायुद्धात मॅकेन्झींनी छद्मावरणाचं, म्हणजे कॅमफ्लाजचं काम केलं आणि तेच डोकं गोल्फ कोर्सला लावलं. माणसाने बांधलेली गोष्ट निसर्गानेच केल्यासारखी दिसावी, आणि होल आहे त्यापेक्षा अवघड वाटावं, म्हणजे ते पार केल्यावर खेळाडूला मजा येते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मॅकेन्झी आणि बॉबी जोन्स यांनी मिळून आखलेलं अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल हे मास्टर्स स्पर्धेचं घर. तिथलं बारावं होल फक्त १५५ यार्डांचं. एवढं अंतर हौशी खेळाडूही सहज मारतो. समोर रेज क्रीक नावाचा ओढा, मागे बंकर आणि मधे आडवं पसरलेलं पण रुंदीला चिंचोळं ग्रीन.

खरी मेख ग्रीनच्या कोनात आहे. उजवी बाजू डावीपेक्षा किंचित लांब आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका चुकला तर तो बहुतेकदा उजवीकडे जाताना आखूड पडतो आणि डावीकडे जाताना लांब जातो. इथे उजवीकडे आखूड म्हणजे ओढा, डावीकडे लांब म्हणजे मागचा बंकर आणि झाडी. माणसाची चुकायची सवय हेरून काढलेली आखणी आहे ही. त्यात झाडांमध्ये गोल फिरणारा वारा. टीवर एक दिशा वाटते, झेंड्यापाशी दुसरीच.

२०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी पहिली नऊ होल्स संपवून पाच फटक्यांनी पुढे होता. दहाव्या आणि अकराव्यावर एकेक फटका गेला. बाराव्यावर त्याने दोनदा चेंडू पाण्यात घातला आणि तीनच्या जागी सात फटके घेतले. जिंकला डॅनी विलेट. विलेटला त्या दिवसाबद्दल क्वचितच कुणी विचारत असेल, स्पीथला मात्र ते होल अजून सुटलेलं नाही.

रस्ता, भिंत आणि एक तळं

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज इथल्या ओल्ड कोर्सचं सतरावं होल ‘रोड होल’ म्हणून ओळखलं जातं. पहिलाच फटका शेजारच्या हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारायचा. जितकं धाडस, तितका पुढचा फटका सोपा. ग्रीनच्या पुढे एक खोल बंकर, मागे डांबरी रस्ता आणि त्याच्या पलीकडे दगडी भिंत. रस्ता हाही खेळाचा भाग, चेंडू तिथे गेला तर तिथूनच मारायचा. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा ग्रीनवर पोहोचला होता. त्याचा हळुवार फटका उतारावरून घरंगळत बंकरमध्ये गेला. बाहेर यायला त्याला इतके प्रयत्न लागले की चार पारच्या होलवर नऊ झाले. त्या बंकरला आजही गमतीने त्याचं नाव लावतात.

आणि रील्समध्ये सगळ्यात जास्त दिसणारं, चारही बाजूंनी पाणी असलेलं ग्रीन? ते फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचं सतरावं होल. पीट डाय हे कोर्स बांधत होते. त्या जागी चांगली वाळू सापडली, ती बाकी होल्ससाठी उपसली गेली आणि मोठा खड्डा पडला. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस, ज्या स्वतः उत्तम खेळाडू आणि आखणीकार होत्या, त्यांनी सुचवलं की मग बेटच करून टाका. फोटोला झकास आहे. पण रेडानसारखा पर्याय इथे नाही. चेंडू बेटावर पडतो किंवा बुडतो, विचार करायला जागाच उरत नाही. टीव्हीला हे आवडतं, जुन्या आखणीकारांना कदाचित तेवढं आवडलं नसतं.

मग आपल्याकडे काय?

भारतात याचं सोपं उदाहरण म्हणजे दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स. जुन्या थडग्यांच्या आणि इमारतींच्या मधून फेअरवे जातात आणि दोन्ही बाजूंना दाट झाडोरा. इतका की लांब मारणारे व्यावसायिक खेळाडूही अनेकदा मोठी काठी, म्हणजे ड्रायव्हर, बॅगेतच ठेवतात. ताकदीपेक्षा नेम विचारणारा कोर्स.

महाराष्ट्रात चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. टोकियो ऑलिम्पिक खेळलेला उदयन माने पुण्याचा. आणि संभाजीनगरात ज्या सिडकोने एन-वनपासूनच्या वसाहती वसवल्या, त्याच सिडकोने खारघरला डोंगराच्या पायथ्याशी गोल्फ कोर्स बांधलाय.

मराठवाड्यात मात्र गोल्फचं नाव काढलं की पहिला प्रश्न पाण्याचा येतो आणि तो यायलाच हवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे स्पीथचे चेंडू ओढ्यात गेले त्याच महिन्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्याच दुष्काळात मैदानांवरच्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते. क्रिकेटच्या एका मैदानाचं हे, तर अठरा होल्सच्या कोर्सचं काय? तो दीडशे एकरांच्या घरात सहज जातो.

पण लक्षात राहणाऱ्या होलला हिरवंगार गवत लागतंच का? रेडानची करामत कोनात आणि उतारात आहे, रोड होलची भिंतीत आणि रस्त्यात. सेंट अँड्र्यूजची जमीन म्हणजे समुद्रकाठची वाळू, जिथे शेती होत नव्हती आणि मेंढ्या चरायच्या. हिरव्यागार गालिचाचा हट्ट बराचसा टीव्हीवरच्या ऑगस्टामुळे आला. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टने २०१० नंतर त्यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्सवरचं ३५ एकरांहून जास्त गवत काढून टाकलं, वाळू आणि रानगवत परत आणलं आणि पाण्याचे फवारे निम्म्याहून कमी केले. २०१४ ची यूएस ओपन तिथेच, तपकिरी दिसणाऱ्या मैदानावर झाली. काहींनी नाकं मुरडली. खेळ अवघडच राहिला, आठ फटक्यांनी जिंकणारा मार्टिन कायमर सोडला तर बाकी सगळ्यांना.

इंग्रजी अमलात आपल्याकडच्या अनेक छावण्यांमध्ये अशीच काटकसर होती. नाशिकमध्ये त्या काळाचं फक्त नाव उरलंय. शहराच्या मध्यावर असलेल्या मैदानाला जुने नाशिककर अजूनही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. तिथे आता रणजी सामने होतात, सकाळी लोक चालायला येतात. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ च्या डिसेंबरमध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालणारे कान्हेरे तेव्हा औरंगाबादला शिकायला होते. साहेबांच्या खेळाच्या मैदानाला साहेबाला मारणाऱ्या मुलाचं नाव मिळालं.

पाणी नसलेल्या छावण्यांमधल्या कोर्सवर ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ असायचे. झेंड्याभोवती गवताच्या जागी वाळू, उडू नये म्हणून तिच्यात तेल मिसळलेलं. खेळाडू ब्राउनवर पोहोचला की आधी वाळूवरच्या पावलांच्या खुणा फळीने किंवा गोणपाटाने ओढून सारख्या करायच्या, चेंडूपासून खड्ड्यापर्यंत एक गुळगुळीत पट्टी तयार करायची आणि मग फटका मारायचा. तो खड्ड्यात गेला की मागून येणाऱ्या गटासाठी वाळू पुन्हा ओढून ठेवायची.