चार रुपये आणि बट्टा

गेल्या शनिवारी आईनं कपाट आवरायला काढलं. आमच्याकडे हे काम एकजण सुरू करतो आणि घरातले सगळे त्यात अडकतात. तर त्यात आजीचा एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात सुया, दोरे, तुटकी बटणं आणि तळाशी फडक्यात बांधलेले चार चांदीचे रुपये. एक १८३५ चा, चौथ्या विल्यमचा. दोन १८४० चे, राणी व्हिक्टोरियाचे. एक १९०७ चा, सातव्या एडवर्डचा.

मी लगेच उत्साहात एका नाणी विकणाऱ्याकडे गेलो. त्यानं चारही उलटसुलट केले आणि एका व्हिक्टोरियावर बोट ठेवलं. राणीच्या गालावर, मानेवर चार बारीक ठोके होते. एक चंद्रकोरीसारखा, एक फुलासारखा, दोन नुसतेच खड्डे. "हा डॅमेज आहे साहेब. चांदीच्या भावात घेईन."

मला राग आला. म्हणजे भावाचा नाही, 'डॅमेज' या शब्दाचा. आमच्या धंद्यातही कोणी नुसतं "प्रोग्रॅम चालत नाही" म्हणून फोन ठेवला की असाच राग येतो. काय झालंय, कधी झालंय, कोणामुळे झालंय, काही सांगशील की नाही? मग नाणी घरी आणली, भिंग घेतलं आणि रविवार त्यात घालवला.

नाण्यावरची खूण बघताना पहिला प्रश्न एकच: ही खूण टांकसाळीत पडली की बाहेर? याची एक सोपी कसोटी आहे. टांकसाळीत पोलादी ठसा चांदीच्या चकतीवर आपटतो. ठशाला तडा गेला असेल तर दाबाखाली चांदी त्या तड्यात घुसते. त्यामुळे ठशाची तड नाण्यावर उंच रेघ होऊन उमटते. उलट नाणं बाहेर पडल्यावर कोणी ठोकलं, टोचलं, कापलं तर खूण खोल जाते, तिच्या कडेला चांदी जराशी वर येते आणि बरोबर मागच्या बाजूचं नक्षीकाम दबतं.

या कसोटीवर विल्यम लगेच सुटला. काठापासून अक्षरांतून आत गेलेली केसासारखी रेघ, आणि ती उंच. म्हणजे ठशाला तडा. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट!

एडवर्डच्या वरच्या काठाला एक खडबडीत गोळा होता आणि त्याच्या बाजूला कानस मारल्यासारखं घासलेलं. हा सोनाराचा टाका. रुपयांना कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होती. कधीतरी कोणीतरी कडी काढून रुपया परत रुपया केला. आईला विचारलं तर म्हणाली, "आजीच्या आईचा हार होता म्हणे. मोडला." का मोडला ते तिलाही ठाऊक नाही. पण चांगल्या दिवसांत कोणी हार मोडत नाही.

आता ती ठोके खाल्लेली राणी. चारही खुणा खोल, म्हणजे बाहेरच्या. पण अपघाताने पडलेला ओरखडा चंद्रकोरीच्या आकाराचा नसतो. हे सराफाचे ठसे होते.

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. मुघल काळात रुपया गावोगावच्या टांकसाळीत पडायचा, वजन साधारण साडेअकरा ग्रॅम. पुढे मुघलांची सत्ता ढिली पडली आणि ज्याला जमेल त्यानं टांकसाळ काढली. पेशवाईतल्या पुण्याचा अंकुशी रुपया (त्यावर अंकुशाची खूण असायची म्हणून अंकुशी), चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती. सगळे रुपयेच, पण सारखे नव्हेत. मग कोणता किती खरा हे ठरवायचं कोणी? सराफानं. तो नाणं वाजवून बघायचा, तोलायचा, संशय आला तर छिन्नीनं खाच पाडून आत तांबं तर नाही ना ते बघायचा. पटलं की स्वतःचा बारीक ठसा मारायचा, म्हणजे पुढच्या वेळी परत तपासायला नको. आणि कमी भरलं तर किमतीतून वजावट कापायचा. ती वजावट म्हणजे बट्टा. आपल्या नावाला लागतो तो हाच बट्टा.

बंगालात तर नुसत्या वयावरून बट्टा कापत. चालू सालचा रुपया पूर्ण किमतीचा, जुन्या सालचा कमी, भले वजन तेच असो. कंपनी सरकारनं यावर काढलेला उपाय आमच्या धंद्यातल्या कोणालाही आवडावा असा आहे: सालच गोठवलं. शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष (म्हणजे १७७७-७८) पुढं कितीतरी वर्षं रुपयांवर छापत राहिले. मुंबईत पडलेल्या सुरती रुपयावर असंच ४६ वं वर्ष गोठलं आणि बादशहा १८०६ मध्ये वारला तरी ते चालूच राहिलं. व्हर्जन नंबर बदलायचाच नाही, म्हणजे कोणी "जुनं झालं" म्हणणार नाही! :)

शेवटी १८३५ च्या कायद्यानं कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया आला. १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, बारापैकी अकरा भाग चांदी. तत्त्वतः सराफाचं काम संपलं. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास कायद्यानं एका दिवसात जात नाही. म्हणून माझ्या राणीच्या गालावर ते चार ठोके.

आता यातली गंमत. हे असे ठोके दोन हजार वर्षांहून जुन्या नाण्यांवरही आहेत आणि त्यांचा हिशोब लावला तो एका गणितज्ञानं, आपल्या पुण्यात बसून. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातला. शिक्षण हार्वर्डचं. तेव्हा ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते.

आपली सगळ्यात जुनी नाणी म्हणजे आहत नाणी, चांदीचे ठोकळे तुकडे. पुढच्या बाजूला बहुधा पाच मोठे ठसे, मागे लहान लहान ठसे, कुठे एक, कुठे दहा, कुठे एकही नाही. तक्षशिलेला १९२४ मध्ये अशा हजाराहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यात अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अरिडियसचं एक अशी कोरी करकरीत नाणी होती, त्यामुळे साठा इ. स. पू. ३१७ च्या सुमारास पुरला गेला असावा हे कळलं. लोक ठशांमधली चित्रं वाचत बसले होते. कोसंबींनी तराजू घेतला.

त्यांचा विचार साधा होता. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि एकाच गटातल्या नाण्यांच्या वजनात फरकही जास्त. खात्री करायला त्यांनी स्वतःच्या काळातली चलनातली नाणीही तोलून पाहिली. मग तक्षशिलेच्या नाण्यांचे मागच्या ठशांच्या संख्येप्रमाणे गट पाडले. ठसे वाढतात तसं सरासरी वजन क्रमाने उतरत गेलेलं दिसलं. म्हणजे मागचे ठसे सजावट नव्हते, नुकसान तर नव्हतेच. नाणं चलनात असताना वेळोवेळी कोणीतरी तपासून केलेली ती नोंद होती. चांदीवर लिहिलेली लॉग फाईल! त्यांचे सगळे निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांना पटले असं नाही, पण खूण मोजायची आणि वजनाशी ताडून बघायची हा धडा राहिलाच.

मीही शेजारच्या सोनाराकडून माझी राणी तोलून आणली. ११.३ ग्रॅम. बाई भरपूर फिरल्या होत्या. आणि चार अनोळखी माणसांनी त्यांना हातात घेऊन "खऱ्या आहेत" असं सांगितलं होतं. ती खूण बघून आजचा दुकानदार किंमत कमी करतो. सराफ गेला, बट्टा काही गेला नाही.

राहिला चौथा रुपया, दुसरी व्हिक्टोरिया. सगळ्यात चकचकीत, म्हणून मला सगळ्यात भारी वाटलेला. दुकानदारानं तो मात्र न बोलता बाजूला सरकवला होता. भिंगाखाली कारण दिसलं. नाण्यावर सगळीकडे केसाहून बारीक ओरखडे, गोल गोल फिरवल्यासारखे. खोल, म्हणजे बाहेरचे. ठसा नाही, टाका नाही. सराफ नाही, सोनार नाही. मी तासभर डोकं खाजवत बसलो.

आई चहा घेऊन आली, तिनं एकदा बघितलं. "अरे, हा तूच घासला होतास की दंतमंजनानं. सातवीत असशील. शाळेच्या प्रदर्शनात न्यायला."

त्या रुपयावर सराफाचे ठसे होते का, किती होते, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. चारही रुपये परत फडक्यात बांधून ठेवलेत. तुमच्या घरी असा डबा निघाला तर एवढंच करा: घासू नका.