शहराचा डॉक्टर

घरातली मुलगी एके दिवशी म्हणाली, "मी डॉक्टर होणार," तर कोणत्याही बापाला आनंदच होईल. पण लगेच ती पुढे म्हणाली, "माणसांची नव्हे हं, शहरांची," तर तोच बाप चष्मा कपाळावर सरकवून विचारील, "अगं, शहराला काय झालंय?"

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. शहरांचा इतिहास, शहरांविषयीचे सिद्धांत आणि शहरांची रचना हे तिन्ही विषय एकत्र घेऊन पीएच. डी.पर्यंत अभ्यास करता येतो. आता तुम्ही म्हणाल, इतिहास हा जुन्या कागदांचा, सिद्धांत हा विचाराचा आणि रचना ही पेन्सिल-पट्टीची. यांची मोट एकत्र बांधण्याचं कारण काय? याचं उत्तर व्याख्येत शोधण्यापेक्षा एका जुन्या हकिकतीत शोधू या. ती आपल्या मुंबईतच सुरू होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. दाट वस्ती, कोंदट खोल्या, सूर्यप्रकाशाचा पत्ता नाही, हेच रोगाचं मूळ असं त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी धरलं. १८९८ साली शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते निघाले. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटापर्यंत पोचावा, हा हेतू. हेतू वाईट नव्हता. ट्रस्टनं चाळीही बांधल्या. पण ज्यांची घरं पडली त्यांचा रोजगार जवळच्या बाजारात, गोदीत, गिरणीत. ती माणसं लांब कशी जाणार? त्यातली पुष्कळशी शेजारच्याच गल्ल्यांत शिरली आणि तिथली दाटी वाढली. एका जागची गर्दी उठली नि दुसऱ्या जागी बसली! नकाशावर रस्ता सरळ आला, पण माणसांचा हिशेब चुकला.

अशा काळात, १९१४ साली, पॅट्रिक गेडिस नावाचे साठीचे एक स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात आले. मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. एडिंबरा शहरातल्या पडक्या, गलिच्छ वस्तीत ते लग्नानंतर बायकोला घेऊन राहायला गेले होते आणि तिथली घरं एकेक करून दुरुस्त करवीत होते. जगभरच्या शहरांचे नकाशे नि चित्रं यांचं त्यांचं एक प्रदर्शन होतं. ते घेऊन येणारं जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. गेडिस खचले नाहीत. मित्रांनी नवं साहित्य जमवून पाठवलं आणि १९१५ साली मद्रासला प्रदर्शन उभं राहिलं.

त्यानंतर गेडिस यांनी इथली कितीतरी शहरं पायांखाली घातली. पहाटे उठायचं नि गल्लीबोळ तुडवायचे. कुठे विहीर आहे, कुठे वड आहे, बायका पाण्याला कुठून जातात, देवळापुढे किती जागा आहे, कुठलं घर खरोखर पडायला आलंय, हे आपल्या डोळ्यांनी पाहायचं. मग ते सुचवीत: ही दोन पडकी घरं काढा, इथे लहानसा चौक होईल, तिथे झाड लावा, बाकीची आळी जशी आहे तशी राहू द्या. वैद्यकातला शब्द उसना घेऊन त्यांनी याला शस्त्रक्रियाच म्हटलं, पण अवयव राखणारी. त्यांचा आग्रह एकच: आधी निदान, मग उपचार.

होळकरांच्या इंदूरची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथेही प्लेगनं ठाण मांडलं होतं. गेडिस यांनी दरबाराकडून एक दिवसापुरता कारभार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली. ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत स्वच्छ असतील तिथून मिरवणूक जाईल, असं जाहीर केलं. झालं! सारं शहर झाडू लागलं, रंगवू लागलं. मिरवणुकीत भंगी कामगारांना मानाचं स्थान दिलं. प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा फिरवून शेवटी तिचं दहन केलं. गेडिस यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली निघाला. पण त्या शहराची नाडी त्यांना कळली होती, हे मिरवणुकीनंच दाखवून दिलं.

१९१९ साली मुंबई विद्यापीठानं समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विभागाची गादी गेडिस यांना दिली. गंमत अशी, की या प्राध्यापकाजवळ स्वतःची विद्यापीठाची पदवी नव्हती! त्यांनी पुढील शिक्षणासाठी निवडलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून पीएच. डी. होऊन आले आणि १९२४ साली त्याच विभागाचे प्रमुख झाले. घुर्ये ग्रंथांत रमणारे, गेडिस वाटा तुडवणारे. दोघांचं फारसं जुळण्यासारखं नव्हतं. पण घुर्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी जी. आर. प्रधान यांनी मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांचा अभ्यास केला आणि १९३८ साली तो पुस्तकरूपानं आला. शहर म्हणजे नुसते रस्ते नि इमारती नव्हेत, हे अशा अभ्यासानं विद्यापीठाच्या दप्तरी नोंदलं गेलं.

आता त्या तीन विषयांची मोट का, हे ध्यानात येईल. एखाद्या आळीवर प्रबंध लिहायचा, तर १८७२ साली पुरा झालेल्या लॉटनच्या मोजणीचे मुंबईचे नकाशे उघडावे लागतात, गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ सालचं 'मुंबईचे वर्णन' वाचावं लागतं, हा इतिहास. ही दाटी का झाली, तिच्यात कुणाचा फायदा नि कुणाचा तोटा, हे विचारणं म्हणजे सिद्धांत. आणि इथे नेमकं काय हलवावं, काय राखावं, हे कागदावर रेखून दाखवणं म्हणजे रचना. इतिहास नसेल तर रचना आंधळी, रचना नसेल तर इतिहास हात बांधलेला, आणि सिद्धांत नसेल तर दोघांनाही दिशा नाही.

गेडिस यांचे बरेच आराखडे कागदावरच राहिले, हे खरं. आजही पुनर्विकासाच्या नावानं वस्त्या हलतात, आणि कागदावरची एक रेघ कुणाच्या तरी चुलीवरून जाते. ती रेघ ओढणाऱ्यानं आधी ती चूल पाहिलेली असावी, एवढंच मागणं आहे. चार-पाच वर्षं खर्चून केलेल्या प्रबंधाचं मोल त्यात आहे. नावामागच्या अक्षरांत नाही.

तेव्हा घरातली मुलगी शहरांची डॉक्टर व्हायचं म्हणाली, तर हसू नका. तिला एक चांगली छत्री नि मजबूत चपला घेऊन द्या. आणि "शहराला काय झालंय?" हा तुमचा प्रश्न तिच्या हाती द्या. तिच्या अभ्यासाचा पहिला धडा तोच आहे.