पंप नाही, वीज नाही... मग कागदाचा तुकडा रक्त कसं तपासतो?

शाळेत शाईपेन वापरलं असेल, तर टिपकागद आठवत असेल. सांडलेल्या शाईला त्याचं टोक नुसतं टेकवायचं, बाकीचं काम तोच करायचा. कागदाच्या तंतूंमधल्या बारीक फटी द्रव आपोआप ओढून घेतात. समईची वात तेल वर खेचते, तीही अशीच. याला केशाकर्षण म्हणतात.

थेंबभर नमुना तपासणाऱ्या काचेच्या आणि प्लास्टिकच्या चिप आधीपासून होत्या. पण त्यांच्या बारीक नळ्यांतून द्रव ढकलायला सहसा पंप लागतो आणि पंपाला वीज. २००७ साली हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स, अँड्रेस मार्टिनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदालाच पंप केलं.

अडचण अशी, की टिपकागदावर शाई चहूकडे पसरते. तपासणीसाठी तिला वाट आखून द्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी प्रकाशाने कडक होणारं महागडं रसायन वापरलं. २००९ पर्यंत सोपा उपाय हाती आला : मेणाची शाई वापरणारा प्रिंटर. नक्षी छापायची आणि कागद तापवायचा. मेण वितळून आरपार मुरतं, की झाली भिंत! पाणी ती ओलांडत नाही. (पुढे झेरॉक्सने असे प्रिंटर बनवणंच थांबवलं. स्वस्त तंत्रही कुणाच्या तरी बाजारावर अवलंबून असतं, ते असं.)

हार्वर्डच्या पहिल्या चिपला लघवी लागायची ५ मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा साधारण दहावा भाग. ती फांद्यांमध्ये विभागून टोकांपर्यंत पोहोचते. तिथे रसायनं आधीच वाळवून ठेवलेली असतात. एका टोकाला साखर भेटली, तर एन्झाइम तिच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. मग दुसऱ्या एन्झाइमच्या मदतीने आयोडाइडचं आयोडीन होतं आणि कागद तपकिरी पडतो. दुसऱ्या टोकाला प्रथिन असेल, तर पिवळा रंग निळसर होतो.

कोविडची घरगुती किट किंवा गर्भचाचणीची पट्टी यांची ही चुलत भावंडं. फरक इतकाच, की त्या पट्टीत रस्ता सहसा एकच असतो. इथे एका थेंबातून अनेक तपासण्या होतात, कागदाचे थर रचून रस्ते एकमेकांवरूनही नेता येतात.

याची खरी गरज कुठे? क्षयरोग आणि एचआयव्हीची काही औषधं यकृताला इजा करू शकतात. ती वेळीच ओळखायची तर रक्तातलं एएलटी हे एन्झाइम मोजावं लागतं, आणि लहान दवाखान्यात प्रयोगशाळा नसते. म्हणून 'डायग्नोस्टिक्स फॉर ऑल' या ना-नफा संस्थेने पोस्टाच्या तिकिटाएवढी चाचणी बनवली. बोटाला टोचून आलेला थेंब वर ठेवायचा. गाळणी लाल पेशी अडवते, द्रव खाली झिरपतो, रंग बदलतो. व्हिएतनाममध्ये एचआयव्हीच्या रुग्णांवर ती तपासून पाहिली गेली. नेमका आकडा सांगणं हा तिचा हेतू नव्हता. प्रमाण मर्यादेच्या तिप्पट झालंय का, पाचपट झालंय का, एवढं कळलं तरी औषधाचा फेरविचार करता येतो.

पण रंग डोळ्यांनी वाचायचा, आणि घोळ तिथेच होतो. उन्हातला तपकिरी आणि ट्यूबलाइटखालचा तपकिरी सारखा दिसत नाही. उकाड्यात एन्झाइम खराब होतं, नमुना वाटेतच सुकतो. मोबाइलने फोटो काढला तरी प्रत्येक कॅमेऱ्याचा रंग वेगळा. त्यावरचा एक उपाय साधा आहे : ओळखीच्या रंगांचे ठिपके चिपवरच छापायचे, म्हणजे त्याच उजेडात, त्याच फोटोत तुलना करता येते.