ड्रोन वर, माणसं खाली

परवा ऑफिसातल्या मित्राने ड्रोन घेतला. लगेच बेत ठरला: शनिवारी चाकणला जायचं आणि संग्रामदुर्ग वरून शूट करायचा. 'थ्री इडियट्स' (२००९) मधला ड्रोन बघून शिट्ट्या मारणारी आमची पिढी! तो ड्रोन आयआयटी मुंबईच्या पोरांनी काढलेल्या आयडियाफोर्जचा होता. तेव्हा परवानगी वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग जरा इतिहास चाळला. मे २०१४ मध्ये मुंबईच्या एका पिझ्झावाल्याने वरळीच्या टॉवरवर ड्रोनने पिझ्झा पोचवला आणि पोलीस चौकशीला लागले. ऑक्टोबरमध्ये डीजीसीएने नियम होईपर्यंत खासगी ड्रोन बंदच केले. नियम लागू व्हायला १ डिसेंबर २०१८ उजाडलं, तेही किचकट. २५ ऑगस्ट २०२१ ला सुटसुटीत नियम आले आणि आकाश हिरवं, पिवळं, लाल झालं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र २०० फुटांपर्यंतच. पिवळ्यात एटीसीची परवानगी, लाल म्हणजे थेट केंद्र सरकार. २०२२ पासून दोन किलोपर्यंतच्या हौशी ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही.

"म्हणजे आपण मोकळे!" मित्र म्हणाला. अरे, प्रमाणपत्र नको म्हणजे परवानगी नको असं नाही. लोहगावला हवाई दलाचा तळ, देहूरोडला लष्कर. पिंपरी-चिंचवडमध्ये उडवायचं तर आधी डिजिटल स्कायचा नकाशा बघायलाच हवा.

पण खरा प्रश्न नकाशात नाहीये. पुरंदरच्या सोनोरी गावात गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली. देशभरची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये आली, त्याच्याही आधी. अशा मोजणीत गावाला आधी सांगतात, घरांच्या हद्दी चुन्याने आखतात आणि मग ड्रोन उडतो. लोक कौतुकाने वर बघतात.

आणि २०२४ चा पावसाळा आठवा. शिरूर, आंबेगावकडे रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावंच्या गावं जागत होती. माझी आत्या तिकडचीच. फोनवर म्हणाली, "चोर टेहळणी करतायत म्हणे. तुझे मामा काठी घेऊन गच्चीवर बसलेत." कुणाचे ड्रोन, कशासाठी, तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

यंत्र तेच. फरक एवढाच, की खालच्या माणसाला आधी विचारलं होतं का.

असो. या शनिवारी ड्रोन घरीच राहील. चाकणला जाऊ, किल्ला पायी बघू आणि परवानगी कुणाकडे मागायची ते विचारून येऊ.