आधी मासा, मग काच

घरातली माशांची टाकी लहान पडू लागली, की नवी आणायचं ठरतं. मग चर्चा रंगते ती काच किती फुटांची, दिवा कुठल्या रंगाचा, मागं चित्र कसलं याची. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या माशांची आठवण शेवटी होते. इतिहासात डोकावलं तर पाण्याची घरं दोन तऱ्हांनी बांधलेली दिसतात. काही पाहणाऱ्यासाठी, तर काही तिथं आधीच असलेल्यासाठी.

पहिल्या तऱ्हेचा नमुना आपल्या नगरातच आहे. निजामशाहीतला फराहबाग १५८३मध्ये पूर्ण झाला. भल्यामोठ्या तलावाच्या मधोमध महाल आणि दूरवरून खापरी नळांनी आणलेलं पाणी. शाही डोळ्यांना गारवा देणारी ती शोभा होती. सत्ता गेली, नळांची देखभाल संपली. आज तो तलाव कोरडा आहे.

दुसरी तऱ्हा पाहायला मुंबईच्या जामा मशिदीत जावं. ती जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची आणि तिथं एक जुनं तळं. तळं जसंच्या तसं राखाल तर खुशाल मशीद बांधा, अशी त्याची अट होती. १७७५मध्ये काम सुरू झालं, ते १८०२मध्ये पुरं झालं. तळ्याला जिवंत झरे आहेत. वजू करणाऱ्यांच्या हाताजवळून मासे फिरतात, कासवंही दिसतात. तिथं पाणी यजमान आणि इमारत पाहुणी. मला त्या अटीचं मोल फार वाटतं.

काचेच्या टाकीलाही हाच धडा गिरवावा लागला. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं दोन छोटे गोल्डफिश काचपात्रात ठेवले, सोबत व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. पानं कुजून पाणी गढुळलं, तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं. १८५०मध्ये त्यानं हा प्रयोग जाहीर केला. माशाला काय हवं, हे पाहत पाहत त्यानं संसार मांडला होता.

आपणही तसंच करावं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषासारखा बाधतो. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून जुन्या फिल्टरचा स्पंज जुन्याच टाकीतल्या पाण्यात हलका खळबळून नव्या फिल्टरमध्ये बसवावा. नळाखाली धुतला, तर क्लोरीननं जिवाणू मरतात. शंभर लिटर पाण्याचं वजनच शंभर किलो, तेव्हा स्टँड मजबूत हवा. नवा सोबती आणण्याआधी घरच्या माशांचा स्वभाव पाहावा. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, ॲमेझॉनकडच्या डिस्कसला उबदार आणि मऊ. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड. या दोघांना एका टाकीत कोंबणं म्हणजे एकाचा तरी छळच.

आणि जागा झाली नाही, तर उरलेले मासे नदीत सोडू नयेत. तिथंही आधीचे रहिवासी आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९मध्ये दख्खनच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली. इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावंच त्यानं शास्त्राला दिली. शिंगाळा, खुद्री, मळ्या ही नावं आजही जगभरच्या ग्रंथांत शास्त्रीय नावं म्हणून वावरतात. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला टेकलेल्या उजनीच्या जलाशयात मात्र आता सकर मासा कोळ्यांच्या जाळ्यात येतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा काच साफ करतो म्हणून हौसेनं घरोघर आणला जातो. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काटेरी अंगानं जाळी मात्र फाटतात.

तेव्हा नवी टाकी घ्यायला निघालात, तर दुकानदाराला काचेचा भाव विचारण्याआधी घरच्या माशांची यादी करा. कोण किती वाढणार, कुणाला कसलं पाणी लागतं, कुणाचं कुणाशी पटतं, एवढं कागदावर मांडलं की टाकी किती मोठी हवी, हे ती यादीच सांगेल.